सौभाग्यवती पेयतज्ज्ञ

सांगलीत त्या काळी दारू कोणीच पीत नसे. परवान्याची दुकानं चालत, सोड्याच्या बाटल्या संपत, खाऱ्या शेंगदाण्यांना भलतीच मागणी असे, आणि एखाद्या सभ्य गृहस्थाला संध्याकाळी स्वतःच्याच घराची पायरी सापडत नसे. पण पीत मात्र कोणी नसे. कोणाला जुना खोकला असे, कोणाला पोटाची तक्रार, आणि कोणाला भर उन्हाळ्यात थंडी वाजे. अशा निर्व्यसनी गावात सत्तरच्या सुमाराला मी पेयांवर लिहायला लागले, आणि पुढं तेच माझं काम होऊन बसलं. हे कसं घडलं ते लोक अजून विचारतात. विचारताना ते थोडे मागं सरकून उभे राहतात, म्हणजे माझ्या तोंडाला वास येतो का ते त्यांना कळावं.

माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत आणि दुसरा उसात. आमचे आबा पलटणीत. सुभेदार होऊन पेन्शनीवर आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक गुडघेदुखी आणि मिलिटरी कॅन्टीनच्या रमचा कोटा आला. रोज दिवेलागणीला ते ओट्यावर बसून एकच पेग घेत. आई त्या वेळी पाठ करून चुलीपुढं बसे. भाकरी थापण्याचा आवाज मात्र त्या वेळी दुप्पट होई.

एकदा आबांना जबर सर्दी झाली होती आणि नेमकी त्याच दिवशी नवी बाटली आली होती. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "पोरी, जरा वास घे. माझं नाक बंद हाय." मी वास घेतला आणि सांगितलं की मागच्या बाटलीला काकवीसारखा वास होता, हिला जळक्या दोरखंडासारखा येतोय. आबांनी बाटली उजेडात धरली, बूच तपासलं आणि परत कॅन्टीनला पाठवली. तिथं त्यांचा काय संवाद झाला ठाऊक नाही, पण बदली बाटली आली. तेव्हापासून घरात चहाची भुकटी आली, गुळाची ढेप आली, तंबाखूचा पुडा आला, की पहिला वास मी घ्यायचा असं ठरून गेलं. इतर मुली त्या वयात क्रोशाचे रुमाल विणत होत्या.

पुढं सातारच्या कॉलेजात बी.ए. झाले आणि मला बघायला सांगलीचं स्थळ आलं. त्यांनी मला स्वयंपाक येतो का विचारलं, शिवण येतं का विचारलं, एक अभंग म्हणायला लावला आणि चालून दाखवायला सांगितलं. नाकाचं कोणी विचारलं नाही. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं होतं. लग्नानंतर कळलं की आमचे हे कारखान्यात असले तरी साखरेत नव्हते. साखर करून झाली की जी काळी मळी उरते, तिच्यापासून स्पिरिट काढायचा विभाग होता, त्यात हे होते. टाक्याच्या टाक्या भरून मद्यार्क ह्यांच्या हाताखालून जाई, आणि ह्यांनी आयुष्यात त्याचा एक थेंब जिभेवर ठेवला नव्हता. सगळं काचेच्या नळ्यांत आणि तापमापकांत चाले. "आम्ही अल्कोहोल तयार करतो, दारू नाही," असं हे शांतपणे सांगत. सासूबाई तर त्याहून शांतपणे सगळ्यांना सांगत की मुलगा साखरेत आहे.

सांगलीत एक साप्ताहिक निघत असे. त्याचे संपादक ह्यांच्या ओळखीचे. खादीचा झब्बा, पांढरी टोपी, आणि दारूबंदीवर दरवर्षी न चुकता एक अग्रलेख. मी कॉलेजच्या अंकात लिहीत असे हे त्यांना कुठूनसं कळलं, आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर त्यांनी मला सरबतांवर लिहायला सांगितलं. बायकांसाठी दोन पानं असत, त्यांतला एक कोपरा मोकळा होता. मी कोकमावर लिहिलं, पन्ह्यावर लिहिलं, मग उसाच्या रसावर लिहिलं. रसात आलं कधी घालावं, आणि गुऱ्हाळावरचा रस गाड्यावरच्या रसापेक्षा वेगळा का लागतो, असलं ते होतं. सदराला त्यांनी नाव दिलं 'घोटभर', आणि खाली माझ्या नावाऐवजी छापलं 'एक रसिक'. सून कुठल्या घरची ते उगाच चर्चेत यायला नको, हा त्यांचा पोक्त विचार होता. सासूबाईंनाही तो पटला.

तेवढ्यात दुष्काळ पडला. संपादकांना त्या उन्हाळ्यातही सरबतंच हवी होती, कारण वाचकांना गारवा वाटायला हवा. माझी एक मावशी माण तालुक्यात दिली होती. तिच्याकडं मी चार दिवस राहून आले. घरातले पुरुष मुंबईला, मेंढरं चाऱ्यावाचून विकलेली, आणि टँकर आला की सगळं गाव कळश्या घेऊन धावे. मावशी ते पाणी जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळे, निवू देई, आणि वरचं पाणी एका तांब्यात काढून पाहुणी म्हणून मला आधी देई. मी ते प्याले. त्याला लोखंडाची आणि मातीची चव होती. तो तांब्या संपवताना जे मनात आलं ते मी 'घोटभर'मध्ये तसंच लिहिलं. साखर विरघळायला आधी पाणी लागतं, असं शेवटचं वाक्य होतं. संपादक म्हणाले की हे सदराच्या स्वभावात बसत नाही. पण मजकूर दुसरा नव्हता, म्हणून त्यांनी छापलं. त्या लेखावर आलेल्या पत्रांवरून त्यांना पहिल्यांदा कळलं की तो कोपरा कोणीतरी वाचतं.

मग एक दिवस ते स्वतः घरी आले. हे कारखान्यात होते, सासूबाई आत होत्या. संपादकांनी आवाज खाली आणला. सरकारनं आता परवाने सैल केलेत, म्हणाले, देशीची अधिकृत दुकानं निघालीत, वाचकांमध्ये जिज्ञासा आहे. तेव्हा आता 'त्या' पेयांवर लिहायला हवं. मी विचारलं की त्यासाठी एखादा माहीतगार पुरुष का बघत नाही. ते खिन्न झाले. त्यांनी गावातल्या सगळ्या माहीतगार पुरुषांना विचारून पाहिलं होतं. ज्यांना माहिती होती ते सगळे पीत नव्हते. न पिणारा माणूस दारूवर लिहिणार कसा? आणि लिहिलं तर न पिणारा राहणार कसा? तेव्हा लपवण्यासारखं काहीच नसलेलं असं गावात एकच माणूस उरत होतं, आणि ते म्हणजे मी. हा युक्तिवाद त्यांनी इतक्या गंभीरपणे मांडला की मला हसता येईना. जाताना त्यांनी झब्ब्याच्या खिशातून खोकल्याचं औषध काढून एक घोट घेतला. त्या औषधात ब्रँडी होती, आणि बऱ्यापैकी होती. 

रात्री जेवताना ह्यांना विचारलं. हे भात कालवता कालवता म्हणाले, "खरं लिहिणार असशील तर लिही. आकडे मला दाखवून घे." एवढ्यावर परवानगी मिळाली. सासूबाईंना आम्ही सांगितलं की सदर चालूच आहे. ते खोटं नव्हतं.

अशी मी लिहू लागले. नाक माझं आणि रसायनशास्त्र ह्यांचं. हातभट्टीत नवसागर घालतात तो शरीरात जाऊन काय करतो, देशीला मोसंबी-नारंगीचे वास लावले म्हणजे ती फळांची होत नाही, रमचा रंग लाकडाचा किती आणि जाळलेल्या साखरेचा किती, हे सगळं मी सरळ लिहीत गेले. चव घ्यायची झाली तर चमच्यानं जिभेवर घ्यायची, तोंडात फिरवायची आणि मोरीत थुंकायची. परसदारच्या मोरीशी उभी राहून मी ही साहित्यसेवा करत असे, आणि शेजारच्या काकू भिंतीवरून विचारत, दात दुखतोय का गं.

पत्रं 'श्रीयुत रसिक यांस' अशी येत. गावात तर्क सुरू झाले. पलूसच्या बाजाराला जाणाऱ्या एस.टी.त एक गृहस्थ माझ्या पुढच्याच बाकावर बसून सांगत होते की रसिक म्हणजे कोल्हापूरचा एक निवृत्त मेजर आहे, दोन बायका सोडून गेल्यात, आणि लिव्हर पार गेलंय. दुसऱ्यानं हळहळून विचारलं की मग लिहितो कसा? तर म्हणे, तेवढ्याच जोरावर लिहितो. मला त्या मेजरची काळजी वाटू लागली.

ह्यांना कारखान्यात वेगळाच त्रास. चहाच्या वेळी सहकारी 'घोटभर' मोठ्यानं वाचत आणि म्हणत की हा इसम रोज किमान बाटली रिचवत असणार, त्याशिवाय असलं बारीकसारीक सुचत नाही. हे चहा पीत ऐकत बसत. घरी येऊन मला एवढंच सांगत की दुसऱ्या परिच्छेदात टक्केवारी चुकली आहे.

अशात एका मे महिन्यात पलूसकडचे एक द्राक्ष बागायतदार घरी आले. उंच, रापलेले, डोक्याला पटका, हातात गोणपाटात गुंडाळलेली बाटली. त्यांनी त्या हंगामात उरलेली द्राक्षं फुकट जाऊ नयेत म्हणून चिरडून पिंपात आंबवली होती आणि वाइन केली होती. जत्रेत वाइनचं चित्र असलेलं एक रंगीत कॅलेंडर बघून त्यांना ती कल्पना सुचली होती. संपादकांना त्यांनी इतकं भंडावलं की शेवटी त्यांनी कंटाळून पत्ता देऊन टाकला. बागायतदार ह्यांच्या पाया पडायलाच निघाले. बाटली पुढं करून म्हणाले की साहेब, तुमचं दर आठवड्याला वाचतो, आता एवढं चाखून खरं काय ते सांगा. ह्यांनी हात मागं घेतला आणि माझ्याकडं बोट केलं. मी तेव्हा खाली बसून कैऱ्या फोडत होते.

बागायतदारांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कैऱ्यांकडं. मग ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले. त्यांचा अख्खा मेजर एका क्षणात गेला होता. शेवटी म्हणाले, "आवं ताई, तुमी पिता व्हय?"

मी म्हटलं, मी चव बघते. आणि हात धुऊन आले.

बूच उघडल्याबरोबर सगळ्या खोलीत सडक्या अंड्याचा वास पसरला. आतून सासूबाईंनी विचारलं की काय मेलंय. बागायतदारांचा चेहरा पडला. त्यांना वास ठाऊक होताच, पण आपल्याला वाटतं तसं तज्ज्ञाला वाटणार नाही, अशी एक आशा माणसाला असते. मी तो वास बाजूला ठेवून एक थेंब घेतला. खाली फळ होतं, चांगलं, आंबटगोड. त्यांना मी विचारलं की द्राक्षांवर शेवटी शेवटी काय मारलं होतं. ते म्हणाले की भुरीचा रोग आला होता म्हणून गंधकाची भुकटी मारली, अगदी तोडणीच्या तोंडावर. हे एकदम खुर्ची पुढं ओढून बसले. आता तो ह्यांचा प्रांत होता. गंधक द्राक्षाबरोबर पिंपात गेला, आंबताना त्याचा हा वायू झाला, आणि तांब्याशी संबंध आला की तो तांबं धरून खाली बसतो, असं ह्यांनी त्यांना समजावलं. मग घरातली तांब्याची पळी घासून आणली, वाटीत थोडी वाइन घेतली आणि ती पळीनं ढवळत बसले. थोड्या वेळानं वाटी माझ्यापुढं केली. अंडं गेलं होतं. बागायतदारांनी वाटी दोन्ही हातांत घेऊन हुंगली, आणि तो रापलेला माणूस लहान पोरासारखा हसला.

किती वेळ तांब्यात ठेवायची, आणि जास्त ठेवली तर विष कसं होईल, हे ह्यांनी त्यांना तीन वेळा बजावलं, आणि नंतर पुढच्या रविवारी स्वतः सायकलवर टांग मारून त्यांच्या मळ्यावर गेले. मला कधी सिनेमाला नेताना ह्यांनी एवढी घाई केलेली मी पाहिली नव्हती.

दसऱ्यानंतर बागायतदारांच्या मळ्यावर द्राक्षवाल्यांचा मेळावा ठरला. एक मोठे पुढारी यायचे होते. त्यांच्या हस्ते वाइनची पहिली बाटली उघडायची आणि 'पेयतज्ज्ञां'नी दोन शब्द बोलायचे, असा बेत होता. बागायतदारांनी स्वतः येऊन मला आमंत्रण दिलं होतं. आम्ही पोचलो तर मांडवाशी ते हात चोळत उभे. मेळाव्याच्या समितीनं विचार केला होता. बाई व्यासपीठावर, आणि ती दारूविषयी बोलणार, हे काही शोभायचं नाही. तेव्हा पेयतज्ज्ञांच्या खुर्चीवर साहेबांनी बसावं आणि ताईंनी बायकांच्या मांडवात. "समजून घ्या ताई," म्हणाले, "मानसं लय जुन्या वळनाची हायती."

मी समजून घेतलं. समजून घेण्याचा मला चांगला सराव होता. बायकांच्या मांडवात हळदीकुंकू झालं, हातावर अत्तर लागलं आणि मला एक पेला लिंबाचं सरबत मिळालं. साखर जास्त झाली होती. समोर व्यासपीठावर हे इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बसले होते, गळ्यात झेंडूचा हार, पुढ्यात पुठ्ठ्याची पाटी, पेयतज्ज्ञ. बिचारे फाशीची वेळ विचारायला आल्यासारखे दिसत होते.

वाइनला परवाना नव्हता, त्यामुळं ती वाइन नव्हती. सूत्रसंचालकांनी तिला द्राक्षासव म्हटलं. पुढाऱ्यांनी आधी दारूबंदीवर भाषण केलं, दारूनं किती संसार धुळीला मिळाले ते सांगितलं, पुढच्या रांगेतल्या दोघांनी डोळे पुसले. मग ते म्हणाले की आयुर्वेद मात्र आपला आहे, आणि औषधाचा पेला हातात घेतला. समितीतल्या सगळ्यांनाच त्या दिवशी कसली ना कसली प्रकृतीची तक्रार निघाली. औषधाचे पेले फिरले. पुढाऱ्यांना पहिल्या मात्रेनं गुण आला नसावा, कारण त्यांनी दुसरी मागितली.

मग पेयतज्ज्ञांना बोलायला सांगितलं. ह्यांनी पेला उचलला, लांबूनच हुंगला, खाली ठेवला आणि माईकपुढं गेले. मला वाटलं होतं की हे रसायनशास्त्रावर चार वाक्यं बोलून सुटतील. पण खोटं बोलायची ह्यांना सवयच नव्हती, आणि पुठ्ठ्यावरची ती पाटी ह्यांना सकाळपासून टोचत होती. घसा साफ करून, कारखान्यात अहवाल वाचावा तशा आवाजात हे म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. मी दारू पीत नाही. आमच्या घरात फक्त ही पिते." आणि बायकांच्या मांडवाकडं हात केला.

मांडवात माझ्या दोन्ही बाजूंची सतरंजी रिकामी झाली. एका बाईनं पोर उचलून मांडीवर घेतलं. व्यासपीठावर कोणीतरी माईक बंद करायला धावला, पण त्या काळचे माईक बंद करायच्या वेळी बंद होत नसत. हे पुढं सांगतच होते की रसिक म्हणून जे सदर येतं ते हीच लिहिते, ह्या मालातला दोष हिनंच ओळखला, आणि तेव्हा ह्याच्यावर बोलायचं तर हिनंच बोलावं.

आता बसून राहण्यात काही अर्थ नव्हता. मी उठले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि व्यासपीठावर गेले.  पुढारी सौजन्यानं थोडे बाजूला सरकले. मी पेला घेतला, चव घेतली. थुंकायला मोरी नव्हती, त्यामुळं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी घोट गिळला, तोही अख्ख्या तालुक्यादेखत. मग जे वाटलं ते सांगितलं. फळ चांगलं आहे, माल अजून कोवळा आहे, तुरटपणा जिभेवर राहतो, वर्षभर थांबलात तर बसेल. पुढच्या वेळी तोडणीच्या महिनाभर आधी गंधक बंद करा. आणि हिला द्राक्षासव म्हणू नका, द्राक्षासव इतकं चांगलं लागत नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. मागच्या रांगेतून मात्र एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मोठ्यानं विचारलं की गंधक बंद करून भुरीचं काय करायचं. त्यावर चर्चा सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत चालली, आणि तिच्यात मी बाई आहे हे लोक अधूनमधून विसरत होते.

परतताना मी ह्यांच्याशी बोलले नाही. हे मात्र हलके झाले होते. घर जवळ आल्यावर ह्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "'पिते' ऐवजी 'चव बघते' म्हणाला असतात तर बरं झालं असतं." हे विचारात पडले आणि म्हणाले की हो, तो शब्द जास्त अचूक झाला असता.

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. सासूबाईंनी दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. कॉलनीतल्या बायका समाचाराला यायला लागल्या, घरात कोणी गेल्यावर येतात तशा. पहिल्या दिवशी सासूबाई नुसत्या डोळे मिटून ऐकत. पण दुसऱ्या दिवशी एकीनं सुनेला नावं ठेवता ठेवता मुलालाही ठेवली, आणि तिथं त्यांचा पारा चढला. त्यांनी त्या बाईला सांगितलं की आमची सून पीत नाही, ती चव बघते. तुम्ही आमटी चाखता तेव्हा आमटी पिता का? आणि वर हेही सांगितलं की तुमच्या घरी कोण काय पितं ते भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू येतं. त्यानंतर समाचार थांबले. माझ्याशी मात्र त्या म्हणाल्या, "लिहायचं तर लिही. निदान नाव तरी स्वतःचं लाव. परक्या पुरुषाच्या नावानं कशाला?" पुढच्या अंकापासून 'घोटभर'खाली माझं पूर्ण नाव छापून आलं, आधी ठळक 'सौ.' लावून. ते 'सौ.' संपादकांचं. दारूचा विषय, म्हणाले, कपाळावर कुंकू असलेलं बरं. अंकाचा खप वाढला. कीर्तनकारांनी निषेध केला, त्यामुळं आणखी वाढला.

आबा साताऱ्याहून तडक आले. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी खिशातून कात्रण काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. ते मेळाव्याचं नव्हतं, रमवरच्या जुन्या लेखाचं होतं. "हे तूच लिवलं व्हतंस?" म्हणाले. "जळक्या साखरेचं कशाला लिवलंस गं? पलटणीतली मानसं इतकी वर्सं त्या रंगाकडं बघून जगली."

बागायतदारांनी परवान्यासाठी अर्ज केला. नमुना मागवण्यात आला. मग दुसऱ्या टेबलावरून नमुना मागवण्यात आला, मग वरच्या मजल्यावरून. तपासणी फार बारकाईनं चालली असावी, कारण प्रत्येक वेळी बाटल्या जास्त लागत. शेवटी जेव्हा उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे, तेव्हा परवाना द्यायला वाइनच उरली नव्हती. बागायतदार पुढच्या हंगामापासून पुन्हा द्राक्षं पेट्यांत भरून मुंबईला पाठवू लागले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. ते स्वतः मात्र म्हणत की एवढ्या मोठमोठ्या लोकांनी माझा माल पिऊन संपवला, आणखी काय पाहिजे. ते हे चेष्टेनं म्हणत की मनापासून, ते मला कधी उमगलं नाही.

माझं मात्र चाललं. पुण्याच्या एका मासिकानं लेख मागितले, मग मुंबईच्या. तिकडं मला हॉटेलांत बोलावून परदेशी बाटल्या पुढं ठेवत, आणि मी सांगलीची आहे कळल्यावर आधी हळदीविषयी विचारत. दशक संपता संपता ह्यांनी नोकरी बदलली आणि आम्ही सातारा जिल्ह्यातल्या दुसऱ्या कारखान्याच्या कॉलनीत राहायला गेलो. तिथं माझी कीर्ती सामानाच्या ट्रकबरोबरच पोचली.

एका दुपारी, सगळे कामावर असताना, रहिमतपूरच्या एक बाई आल्या. ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या, आल्याच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या घरच्या. माझी त्यांची ओळख नव्हती. त्यांनी चहाला नको म्हटलं, दार लोटून घेतलं आणि पिशवीतून व्हिस्कीची अर्धी बाटली काढून टेबलावर ठेवली. मालकांची आहे, म्हणाल्या, जरा वास घेऊन सांगा, हिच्यात काही भेसळ आहे का.

वास घ्यायची गरजच नव्हती. रंगच उतरला होता. तरी मी रीतसर हुंगलं, चमच्यावर घेऊन बघितलं, आणि सांगितलं की भेसळ आहे, पाण्याची. निम्म्याच्या वर पाणी आहे. वाईट दुकानदारांची नावं आठवत मी त्यांना विचारणार होते की बाटली घेतली कुठून, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. त्या घाबरल्या होत्या.

"म्हणजे कळतं व्हय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. हळूहळू सगळं सांगून टाकलं. मालक रागीट नव्हते, पण प्याले की फार बोलत, आणि बोलता बोलता पैसे उधळत. तेव्हा त्या रोज थोडी ओतून टाकत आणि माठातलं पाणी भरत. असं कितीतरी वर्षं चाललं होतं. मालकांची अलीकडं तक्रार होती की वयामुळं त्यांना पूर्वीसारखी चढत नाही, आणि त्यासाठी ते वैद्याकडं जायला निघाले होते.

मी बाटलीला बूच लावून ती त्यांच्या पिशवीत ठेवली आणि म्हटलं, "मला कळतं. त्यांना नाही कळायचं. फक्त रंगासाठी चहाचं पाणी थोडं घाला, कोरं, गाळून."

बाई मोकळ्या हसल्या. मग त्यांनी पहिल्यांदा पाठ टेकली, घराकडं नजर टाकली, पडद्यांचं कापड कुठलं ते विचारलं, आणि म्हणाल्या की आता चहा टाकला तरी चालेल.